जैसलमेर : किल्ला डोळे भरून बघा, मुक्काम मात्र खाली करा

जैसलमेरच्या किल्ल्यातल्या खोलीत सामान ठेवलं, पलंगामागच्या भिंतीला सहज हात टेकवला आणि हाताला ओल लागली. जानेवारी महिना. बाहेर हवा इतकी कोरडी की सकाळपासून ओठ फुटले होते आणि ही भिंत मात्र गार, दमट. खालच्या बाजूला पिवळ्या दगडाचे पापुद्रे सुटत होते, त्यावर पांढरा खार फुटला होता. परळच्या आमच्या चाळीत मोरीला लागून असलेल्या भिंतीवर हेच बघत मी लहानाची मोठी झाले. वाळवंटात ते दिसेल असं मनातही आलं नव्हतं.

माझे वडील महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. मुंबईत कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार ते या चावीवाल्यांच्या हातात असतं. दादा पहाटे साडेतीनला लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलून, फेरे मोजत व्हॉल्व उघडायचे आणि थोड्या वेळाने चाळीत "पाणी आलं, पाणी आलं" असा एकच गलका व्हायचा. गळतीचा संशय आला की सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे. ते सांगायचे, पाणी दिसतं तिथून आलेलं नसतं, त्याचं मूळ मागे शोधायचं. जैसलमेरमध्ये चार दिवस मी तेच करत हिंडले. त्यामुळे पुढे उंटांबद्दल कमी आणि पाण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आम्ही तिघं गेलो होतो. हे, मी आणि आमच्या नणंदबाई. आम्ही त्यांना ताईच म्हणतो. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, उत्साह मात्र आम्हा दोघांपेक्षा जास्त. वांद्रे टर्मिनसहून दुपारच्या सूर्यनगरी एक्स्प्रेसने दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर आणि तिथून गाडीने पोखरणमार्गे जैसलमेर. हा शेवटचा टप्पा पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा आहे, रस्ता उत्तम. पोखरणला चहासाठी थांबलो तेव्हा ह्यांना १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांच्या बातम्या आपण कुठे बसून ऐकल्या ते आठवलं आणि पुढचा तासभर तोच विषय चालला.

किल्ला लांबूनच दिसतो. सपाट माळावर एकटी त्रिकूट टेकडी आणि तिच्यावर मधाच्या रंगाचे बुरूज. असे ९९ बुरूज आहेत. भाटी राजपूत रावळ जैसल यांनी ११५६ साली लोद्रवाहून राजधानी इथे हलवली. आपल्याकडे किल्ला म्हटलं की चढून जायचं, ओस तटबंदीवर वारा खायचा आणि टाक्याचं पाणी बघून परतायचं. इथे तसं नाही. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल अशा चार दरवाजांतून वर गेलात की थेट वस्तीत शिरता. शाळेतून परतणारी मुलं, उंबऱ्यावर भाजी निवडणाऱ्या बायका, दरवाजाच्या बाजूला रंगवलेला गणपती आणि त्याखाली लग्नाची तिथी. ही लग्नपत्रिका भिंतीवरच असते. पुढचं लग्न होईपर्यंत तशीच राहते, असं एका घरातल्या आजींनी आम्हाला सांगितलं. ताई त्या आजींजवळ अर्धा तास बसल्या. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं, तरी गप्पा थांबत नव्हत्या.

आतली जैन मंदिरं सकाळीच करा. कोवळं ऊन पार्श्वनाथाच्या तोरणावर पडतं तेव्हा दगडातली एकेक आकृती सुटी दिसते. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं, त्यामुळे मुक्कामावरूनच कापडी पिशवी घेऊन निघा.

आता त्या ओलीबद्दल. खोलीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, वरच्या मजल्यावर नवीन बाथरूम काढलंय, थोडं झिरपतं. मग दोन दिवस मी ज्याला-त्याला विचारत राहिले. किल्ल्यातल्या पिढीजात रहिवाशांनीच नीट समजावून सांगितलं. जुन्या काळी पाणी खालून, गडीसर तलावातून डोक्यावर घडे घेऊन आणावं लागे. चढ चढून आणलेलं पाणी कोण सांडणार? अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं गुरांना. चुकूनमाकून पाऊस पडलाच तर तो वाहून जावा म्हणून गल्ल्यांतून घूट नाल्या काढलेल्या, चारी दिशांना उतार दिलेला. सगळी रचना एवढ्याशा पाण्याच्या हिशेबाने केलेली. पुढे घरोघर नळ आले, मग पर्यटक आले, पर्यटकांसाठी शॉवर आणि फ्लशचे संडास आले. टेकडीच्या दगडात मातीचे थर आहेत. त्यांत पाणी मुरलं की ते फुगतात, सरकतात आणि वरची भिंत खचते. १९९६ सालीच जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव गेलं होतं. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात आला, ड्रेनेजची कामंही झाली, पण माझ्या खोलीतली भिंत काही वाळलेली नव्हती.

ज्या गावाला सबंध वर्षात दोनशे मिलिमीटरही पाऊस मिळत नाही, त्या गावाचा किल्ला पाण्याने पोखरावा! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. त्या रात्री हे कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले, तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं होतं ते मलाच माहीत. जैसलमेरचा चार-पाच वर्षांचा पाऊस आमच्याकडे त्या एका दिवसात पडला होता. आणि इथे हा किल्ला आमच्यासारख्यांच्या अंघोळीच्या पाण्याने खचतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन खाली गावात आलो. एका रात्रीचे पैसे बुडाले. त्याचं वाईट वाटलं नाही. खाली, किल्ल्यासमोरच्या गल्लीत गच्ची असलेली साधी लॉजिंगं भरपूर आहेत आणि किल्ला खरा दिसतो तो त्या गच्चीवरूनच. संध्याकाळी सहाच्या सुमारास बुरूज आधी पिवळे, मग केशरी, मग काही मिनिटं गुलाबी होतात. किल्ल्यात राहिलात तर हे दिसणारच नाही, कारण तुम्ही त्याच्या पोटात असता. तिथल्या लोकांची रोजीरोटी आहे, हे मला समजतं. म्हणून वर जेवा, चहा प्या, दुकानांतून वस्तू घ्या, स्थानिक गाइड करा. रात्रीची अंघोळ तेवढी खाली येऊन करा.

गडीसर तलावाला बहुतेक सहलींत वीस मिनिटं देतात. दुपारी बस येते, लोक कमानीसमोर फोटो काढतात, पायडलच्या होडीत बसतात, गेले. आम्ही तिथे दोन पहाटा घालवल्या आणि सबंध सहलीत माझं मन सर्वांत जास्त तिथे रमलं. सूर्य उगवायच्या आधी पोहोचा. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ हवाच, हात खिशातून काढवत नाहीत इतकी थंडी असते. पाण्यात उभ्या असलेल्या दगडी छत्र्या आधी काळ्या दिसतात, मग एकेकीला कडेने सोनेरी रेघ येते. टिबुकल्या आणि बदकं मधोमध पोहत असतात.

चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी हा तलाव नीट बांधून घेतला, म्हणून गडीसर. नळ येईपर्यंत सबंध गाव याच पाण्यावर जगलं. ज्या उतारावरून पावसाचं पाणी तलावात यायचं त्या जमिनीला आगोर म्हणतात. त्या आगोरावर कुणी गुरं सोडायची नाहीत, घाण करायची नाही, असा दंडक होता. हे ऐकलं आणि मला विहार आठवला. विहार तलाव १८६० चा, मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा तिथूनच मिळालं. त्याच्या भोवतीचं रान राखलं म्हणूनच तो राहिला, असं दादा आम्हाला सांगायचे. शाळेच्या सहलीत त्यांनी मला लांबून तो दाखवला होता, देवळाचा कळस दाखवावा तसा.

तलावाच्या वाटेवरची कमान म्हणजे तिलोंची पोल. तिलों नावाच्या नाचणाऱ्या बाईने ती बांधली. तिच्या पैशांच्या कमानीखालून आपण जायचं कसं, म्हणून राजघराण्याने आक्षेप घेतला. तेव्हा तिने कमानीवर कृष्णाचं देऊळ बसवलं, मग ती पाडायची कुणाची हिंमत झाली नाही. ही दंतकथा आहे, पण ताईंनी ती मन लावून ऐकली आणि वर बघून त्या बाईला हात जोडले. कृष्णाला नव्हे, तिलोंला. ज्या बाईला चारचौघांत मान नव्हता, तिने साऱ्या गावाच्या पाणवठ्यावर दार उभं केलं.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसा. पाण्यात लांब मिश्यांचे, आपल्या शिंगाळ्याच्या जातीचे मासे शेकड्याने आहेत. बायका पीठ टाकतात तेव्हा ते एकमेकांच्या अंगावर चढून तोंडं पाण्याबाहेर काढतात आणि पायरीवर चपाचप असा आवाज येत राहतो. एकही मासा कुणी धरत नाही. आता या तलावात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी सोडतात, म्हणून तो उन्हाळ्यातही कोरडा पडत नाही. हा कालवा पंजाबातल्या हरिकेपासून निघतो. तानसा-वैतरण्याचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला लांबून येणाऱ्या पाण्याची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

दुसऱ्या पहाटे घाटावर मांगणियार, म्हणजे इथल्या पिढीजात लोकगायकांतले, एक म्हातारबाबा कमायचा हे तंतुवाद्य घेऊन बसले होते. कमायचाचं पोट आंब्याच्या लाकडाचं, गोल, कातडं ताणून बसवलेलं. आवाज घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा, पण थेट छातीत उतरणारा. फर्माईश काय म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाण्याचं गाणं म्हणा. पाणी भरायला निघालेल्या बाईचं गाणं त्यांनी म्हटलं. भाषा अर्धीच कळली. डोक्यावरचा घडा मात्र दिसला. ठरवलेल्या पैशांपेक्षा जास्त द्या अशा माणसांना. पहाटेच्या थंडीत बोटं तारेवर ठेवणं सोपं नाही.

हवेल्या एका दुपारी होतात. पटवांच्या पाच हवेल्या गुमानचंद पटवांनी १८०५ मध्ये सुरू केल्या, पूर्ण व्हायला पन्नासेक वर्षं लागली. जाळीचं काम बघून डोळे दिपतात, आतली गर्दी आणि दुकानदारांची ओढाताण मात्र थकवते. मला नथमलजींची हवेली जास्त आवडली. १८८५ ची. हाथी आणि लालू या दोन भावांनी एकाने डावी, एकाने उजवी अशी बाजू कोरली. रस्त्यापलीकडे उभं राहून दोन्हीकडची एकेक खिडकी जोडीने बघा. लांबून सारखी वाटते, जवळून बघितली तर एका बाजूला एक वेल, दुसरीकडे दुसरीच. दाराशी दोन दगडी हत्ती आहेत. माझे दोन भाऊ एका खोलीत वाढले आणि दोघांनी घरं मांडली ती अगदी निराळी, ते मला तिथे उभं राहून आठवलं.

कुलधऱ्याला सगळे जातात ते भुताच्या गोष्टीसाठी. गावापासून अठराएक किलोमीटर. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ओस पडलं. दिवाण सालिमसिंगाची नजर गावच्या मुलीवर पडली म्हणून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, जाताना शाप देऊन गेली, असं तिथे ऐकवतात. आमच्या गाइडनेही सुरुवात तिथूनच केली. मी त्याला म्हटलं, बाळा, भूत राहू दे, मला विहीर दाखव. तो क्षणभर गोंधळला, मग खुलला. सरळ रेषेत आखलेले रस्ते, रांगेने घरं, घरांच्या मागे अंगणं आणि पायऱ्यांची बावडी, आता कोरडी. तिच्या काठच्या दगडावर दोरांनी घासून बोटभर खोल खाचा पडल्या आहेत. मी एका खाचेत करंगळी ठेवली, ती पूर्ण आत गेली. दगडात बोट मावेपर्यंत किती पिढ्यांनी पोहरा ओढला असेल! अभ्यासक सांगतात की करांचा जाच आणि आटत गेलेलं पाणी ही गाव उठण्यामागची कारणं होती. त्या खाचेजवळ बसून मला ते पटलं. पोहरा रिकामा वर यायला लागला की माणूस गाव सोडतो.

आणि आता या सहलीतली अशी गोष्ट, जी आमच्या ठरलेल्या कार्यक्रमात नव्हतीच. पालीवालांनी जे पिकवलं ते कसं, असं मी गाडीत विचारत होते, तर आमचा ड्रायव्हर म्हणाला, माताजी, माझ्या मामाचं खडीन वाटेतच आहे. त्याने गाडी वळवली. समोर दगडाळ उतार आणि त्याच्या पायथ्याशी लांबच लांब मातीचा बांध, कमरेपेक्षा थोडा उंच. बांधाच्या आत हिरवागार हरभरा. चारी बाजूंना करडं माळरान, मध्ये तो हिरवा तुकडा, नजर ठरेना. मामांनी सांगितलं ते असं. पावसाळ्यात खडकाळ उतारावरचं पाणी वाहत येऊन बांधाशी अडतं, साचतं, बरोबर गाळ आणतं. पावसाळा संपेपर्यंत ते जमिनीत मुरतं. वरचं पाणी ओसरलं की तिथेच गहू किंवा हरभरा पेरायचा. पुढे एक थेंब द्यायचा नाही. जादा पाणी जायला बांधाला एका जागी वाट ठेवलेली असते. ही पद्धत पालीवालांची, काही शतकं जुनी.

मामांनी हरभऱ्याच्या दोन ओळींमध्ये हाताने माती उकरली, मनगटापर्यंत हात घातला आणि मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली. काळपट, गार. मूठ वळली तर लाडवासारखी वळली. जानेवारीचा मधला आठवडा होता, पाऊस होऊन चार महिने झाले होते. किल्ल्यात भिंतीला लागलेली तीच ओल होती ही. तिथे ती घर खाते, इथे हरभरा पिकवते. मामांनी घरून ताक आणि बाजरीचा रोटला आणवला, वर लसणाची चटणी आणि गूळ. पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात. मग ताईंनी पिशवीतला खाऊ, घरच्या नाचणीच्या लाडवांचा डबा, मामींच्या हातात ठेवला.

समच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल मात्र सावध करते. आम्ही मुंबईतूनच एका एजंटाकडून तंबूचं बुकिंग केलं होतं. वाळूच्या टेकडीला लागून तंबू, लोकसंगीत, शांत रात्र असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तंबू डांबरी रस्त्याला लागून, टेकडी एक किलोमीटरवर आणि लोकसंगीत दोन गाण्यांत आटोपून रात्री साडेबारापर्यंत डीजे. ताईंचं डोकं चढलं. टेकडीवर जीपगाड्यांची शर्यत चालू होती आणि वाळूत पाण्याच्या बाटल्या. एजंटाला फोन केला, उचलला नाही. परत आल्यावर भांडून थोडे पैसे मिळवले. तुम्ही तंबू घेणार असाल तर तिथला ताजा फोटो आणि नकाशावरची खूण मागून घ्या आणि आवाज कधी बंद होतो ते लेखी घ्या.

दुसऱ्या संध्याकाळी ड्रायव्हरने आम्हाला खुडीच्या बाजूला नेलं, जिथे गर्दी नव्हती. वाळूवर वाऱ्याने लाटा उमटल्या होत्या आणि त्यांच्यावरून एका काळ्या भुंगेऱ्याच्या पावलांची रेघ गेली होती, शिलाईच्या टाक्यांसारखी. आम्ही तिघं त्या रेघेच्या मागे मागे गेलो. रेघेच्या टोकाला तो होता. पोचेपर्यंत अंधार पडला.

याच भागात मरू राष्ट्रीय उद्यान आहे, ३१६२ चौरस किलोमीटरचं. तिथे गोडावण म्हणून ज्या पक्ष्याचं नाव घेतात तो आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला एकेकाळी सहज दिसायचा तोच. आम्हाला चिंकारा दिसल्या, माळढोक नाही. जड अंगाचा, समोरचं कमी दिसणारा पक्षी, विजेच्या तारांना धडकून मरतो. बडा बागेतल्या, राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्यांमागे पवनचक्क्या आणि तारांचं जाळं बघताना मला फोटो काढावासा वाटला नाही. छत्र्या स्वतः सुंदर आहेत, संध्याकाळी अर्धा तास द्या.

अकलचं जीवाश्म उद्यान बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवर. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडं दगड झालेली, लोखंडी जाळीत, वर पत्रे. इथे एके काळी जंगल होतं आणि भरपूर पाऊस होता एवढं मनात ठेवून गेलात तर आवडेल. सावली नाही, दुपारी जाऊ नका. तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होतं, पण जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर पडतात. ताईंचे गुडघे बघून आम्ही ते सोडलं. १९७१ च्या युद्धातली लोंगेवालाची लढाई ह्यांच्या मनात घर करून आहे, त्यांना चुटपुट लागली आहे.

खाण्यात केर-सांगरी चुकवू नका. केर म्हणजे वाळवंटातल्या झुडपाची बारीक फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तिची भाजी होते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वाळवलेल्या शेंगा रात्रभर भिजवायच्या, ताकात उकळायच्या, मग तेलात लाल मिरची आणि आमचूर. पाव किलो आणल्या, परळला दोनदा केल्या, दुसऱ्यांदा जमल्या. घोटुआ लाडू आम्ही रोज खाल्ले, ह्यांनी रोज दोन.

आम्ही चार रात्री राहिलो. तुम्ही पाच ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधे जा. दोन पहाटा गडीसरला, एक सकाळ किल्ल्याला, आणि कुलधऱ्याला जाल तेव्हा ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की वाटेत एखादं खडीन दाखव. तिथे तिकीट नाही, पाटी नाही. शेतात जो कुणी असेल त्याला राम राम करा आणि माती हातात घ्यायला मागा.